मुलांना पुस्तकावरचं संगीत नाटक दाखवायला नेताना

फोंड्याच्या एका आईचा प्रश्न आहे. पुढच्या रविवारी संध्याकाळी पणजीला कला अकादमीत मुलांच्या एका लाडक्या पुस्तकावरचं संगीत नाटक आहे. चार तिकिटं काढून झाली आहेत. मुलगी नऊ वर्षांची, तिने ते पुस्तक तीनदा वाचलंय आणि ‘नाटकवाले पुस्तक बिघडवतील’ म्हणून ती आतापासूनच रुसून बसली आहे. मुलगा साडेचार वर्षांचा, त्याला अंधाराची भीती वाटते. सोबत सासूबाई आहेत, त्यांना जुनी नाट्यपदं तोंडपाठ. मुलाला आधी गोष्ट सांगावी का, कुठे बसावं आणि एवढा खर्च करून चाललोय तर मुलांच्या पदरात काहीतरी पडावं यासाठी काय करावं, असं त्यांनी विचारलंय.

ताई, मी गेली सव्वीस वर्षं गोव्यात मुलांच्या नाटकांना संगीत देतो आणि प्रयोगात ऑर्गनवर बसतो. त्याआधी देवळांतल्या उत्सवी नाटकांना साथ करायचो. ऑर्गनच्या जागेवरून रंगमंच अर्धाच दिसतो, पण पहिल्या दहा रांगांतले चेहरे मात्र पूर्ण दिसतात. पुढे जे लिहितोय ते बहुतेक त्या चेहऱ्यांवरून शिकलेलं आहे.

आधी मुलीचं बोलू. तिची भीती खरी आहे. ‘काही बिघडत नाही गं’ म्हणून तिला गप्प करू नका, उलट तिला हिशेब सांगा. दीडशे पानांच्या बालकादंबरीत साधारण तीस हजार शब्द असतात. मोठ्याने वाचायला बसलं तर साडेतीन तास लागतात. नाटक दोन तासांचं. त्यातली अर्धा-पाऊण तास गाणी, आणि गाण्यात शब्द किती सावकाश जातात ते तुम्हाला ठाऊक आहे. उरलेल्या वेळात पात्रांनी यायचं, जायचं, पडायचं, धावायचं. पुस्तकातले जेमतेम एक-तृतीयांश शब्द रंगमंचावर पोचतात. म्हणजे कापाकापी होणारच. दोन मामांचा एक मामा होतो, उन्हाळ्याची आणि दिवाळीची सुट्टी एकच होते, चार प्रकरणांचा प्रवास रंगमंचाला एक फेरी मारून संपतो. याला बिघडवणं म्हणत नाहीत. बिघडतं ते चुकीच्या ठिकाणी कात्री लागली की.

आमच्या हातून असं एकदा झालं होतं. एका मराठी बालकादंबरीचं नाटक करताना आम्ही गोष्टीतला कुत्रा काढून टाकला. खरा कुत्रा आणता येत नाही, कापडी कुत्र्याला मुलं हसतात, आणि कथानकात त्याचं म्हणावं असं काही काम नव्हतं. पहिल्या प्रयोगानंतर सात-आठ वर्षांची एक मुलगी विंगेच्या दाराशी येऊन उभी राहिली. ‘कुत्रा खंय गेलो?’ एवढंच तिने विचारलं, आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या रात्री पुस्तक पुन्हा उघडलं. त्यातला मुलगा आपल्या मनातलं जे काही बोलतो ते फक्त त्या कुत्र्याशी बोलतो. कुत्रा काढल्यावर आमच्या नाटकातला मुलगा मुका झाला होता. तो बडबडत होता, पण मनातलं काहीच सांगत नव्हता. दुसऱ्या प्रयोगापासून आम्ही विंगेतून भुंकणं दिलं आणि मुलाला विंगेकडे तोंड करून म्हणायला आठ ओळींचं गाणं दिलं. कुत्रा शेवटपर्यंत दिसला नाही. पण त्यानंतर तो कुठे गेला असं कुणी विचारलं नाही.

हा प्रसंग सांगण्याचं कारण असं की पुस्तकावरच्या संगीत नाटकाचं मर्म मला त्यातून कळलं. पुस्तकाला ‘त्याला आतून कसंसंच झालं’ असं सरळ लिहिता येतं. रंगमंचावर ‘त्याला वाटलं’ म्हणणारा कुणी नसतो. तिथे फक्त केलेलं आणि बोललेलं दिसतं. मग पुस्तकातली ती गप्प पानं, जिथे काही घडत नाही, मूल नुसतं खिडकीशी बसून विचार करतं, ती जातात कुठे? ती गाण्यात जातात. चांगल्या नाटकात गाणं तिथेच उगवतं जिथे पुस्तकात पात्र एकटं असतं. म्हणून मुलीला सांगा, ‘पुस्तकातलं वाक्य सापडलं नाही तर गाण्यात शोध.’

आणि जायच्या आधी तिला एक काम द्या. पेन्सिल देऊन पुस्तकात तीन जागांवर खूण करायला सांगा. या तीन जागा गेल्या तर गोष्ट माझी राहणार नाही, अशा. तीनच, चौथी नाही. नऊ वर्षांचं मूल यावर तास-दीड तास डोकं घालतं, मी पाहिलंय. पाच-सहा जागा निवडतं, मग एकेक खोडत येतं. नाटक लिहिणारा माणूस सहा महिने नेमकं हेच करत असतो. खोडताना तिला कळेल की कापणं म्हणजे वैर नव्हे. प्रयोगाला बसेल तेव्हा ती बिघडवणाऱ्यांवर पहारा ठेवायला बसणार नाही, त्या तीन जागांची वाट बघत बसेल.

दुसरी गोष्ट, तिला आवडत्या पात्राचं चित्र काढायला सांगा, प्रयोगाच्या आधी. एकदा रंगमंचावर नट बघितला की मनातला चेहरा पुसला जातो आणि बहुतेक वेळा तो परत येत नाही. अठ्ठावीस वर्षांचा, दाढी घोटून आलेला नट दहा वर्षांचा मुलगा म्हणून समोर येईल. दहा मिनिटांत ती त्याला मानेलही. पण तिचा स्वतःचा चेहरा कागदावर राहिलेला असला पाहिजे.

आता धाकट्याचं. त्याला गोष्ट आधी सांगावी का? पूर्ण सांगा, शेवटासकट. रहस्य फुटेल याची काळजी नको. साधारण सात वर्षांपर्यंत मुलांना ‘पुढे काय होणार’ याची मजा कमी आणि धास्ती जास्त वाटते. ती तीच गोष्ट चाळीस वेळा ऐकायला मागतात ते शेवट ठाऊक असतो म्हणूनच. आपल्याकडे याचा दाखला शोधायला लांब जायला नको. जत्रेच्या काल्यात, म्हणजे देवळातल्या दशावतारी खेळात, संकासूर येतो, काळाभोर, लाल जीभ बाहेर काढलेला. वेद पळवलेल्या या असुराला विष्णू मारणार हे समोरच्या प्रत्येक पोराला ठाऊक असतं, मागच्या वर्षीही त्याला तसाच मारलेला असतो. तरी पोरं किंचाळतात, आईच्या पदराआड लपतात आणि पदरातून एक डोळा बाहेर ठेवतात. शेवट माहीत आहे म्हणूनच तो एक डोळा बाहेर राहतो.

गोष्ट सांगताना घरात जी भाषा चालते तीच वापरा. तुमच्याकडे कोंकणी असेल तर कोंकणीतच सांगा. मराठी नाटकाचे संवाद त्याला कळतील, पण गाण्यातले शब्द तालात धावतात, खाली वाद्यं असतात आणि समूहगानात तर मोठ्यांनाही निम्मे शब्द लागत नाहीत. गोष्ट आधीच पोटात असली की गाण्यातला शब्द सुटला तरी तो हरवत नाही. नाटकाची गाणी आधी बाहेर आली असतील तर त्यातली दोन घरात वाजवा. सगळी नकोत, दोनच. ओळखीचं गाणं सुरू झालं की लहान मूल पाठ सरळ करून पुढे सरकतं. ऑर्गनवरून मला ही हालचाल दर प्रयोगाला दिसते, आणि त्यानंतर ते मूल पंधरा मिनिटं कुठे जात नाही.

नऊ वर्षांच्या मुलीने पुस्तक वाचलेलं आहेच. नसतं वाचलं तर मी म्हटलं असतं की शेवटची दोन प्रकरणं राखून ठेवा. त्या वयाला न कळलेला शेवट पेलतो आणि हवाही असतो.

अंधाराची तयारी वेगळी करावी लागते. त्याला तीन घंटांचं सांगा. पहिली होते, दुसरी होते, तिसरी झाली की दिवे हळूहळू मंदावतात. तिसऱ्या घंटेनंतरचा अंधार हा कुणीतरी मुद्दाम केलेला आहे, तो कसा होतो आणि का होतो हे कळलं की निम्मी भीती जाते. घरी दोन-तीन रात्री हा खेळ खेळा. तोंडाने तीन घंटा वाजवायच्या, दिवा घालवायचा, दहापर्यंत मोजायचं, दिवा लावायचा आणि कुणीतरी पडद्यामागून यायचं. घंटा त्यालाच वाजवू द्या.

दोन प्रवेशांमधल्या अंधाराबद्दल त्याला आमचं एक गुपित सांगा. त्या वेळी काळे कपडे घातलेली माणसं गुपचूप टेबलं-खुर्च्या हलवत असतात. त्यांना अंधारात जागा सापडावी म्हणून रंगमंचाच्या फळ्यांवर रेडियमच्या चिकटपट्टीचे बारीक तुकडे लावलेले असतात. दिवे गेले की ते हिरवट चमकतात. पुढच्या रांगांतून ते दिसत नाहीत, जरा मागून आणि वरून दिसतात. ‘किती ठिपके मोजलेस?’ असं विचारायचं ठरवून न्या. अंधारात मोजायला काही असलं की मूल अंधाराकडे बघतं. बहुतेक ब्लॅकआउट पाच-दहा सेकंदांचे असतात. त्याहून लांब अंधार ठेवणारा दिग्दर्शक मुलांच्या नाटकात चूक करतो, असं माझं ठाम मत आहे.

एवढं करूनही तो रडला तर लगेच उठून बाहेर न्या. रागावू नका, ‘बघ, दीदी बघ कशी बसलीय’ हे तर मुळीच म्हणू नका. म्हणून तर तुमच्या दोघांच्या खुर्च्या वाटेकडच्या हव्यात. बाहेर मांडवीचा वारा आहे, पाणी पाजा, दहा मिनिटं फिरवा. परत येताना दारावरच्या माणसाला विचारून गाण्याच्या मध्ये न शिरता दोन प्रवेशांच्या मधे आत या. मूल स्वतः ‘आत जाऊया’ म्हणालं तरच. नाही म्हणालं तर त्या दिवशी तेवढंच नाटक. अर्धं नाटक बघून खुशीत घरी गेलेलं मूल पुढच्या नाटकाला येतं. दामटून बसवलेलं मूल दहा वर्षं येत नाही, हेही मी पाहिलंय.

आवाजाबद्दल जरा जास्त लिहितो, कारण पालक याकडे लक्ष देत नाहीत आणि आयोजक त्याहून नाहीत. हल्ली मुलांची बरीच संगीत नाटकं ध्वनिमुद्रित ट्रॅकवर होतात. ट्रॅक मोठ्याने लावला की बाजूच्या स्पीकरजवळच्या खुर्चीत आवाज सहज नव्वद डेसिबलच्या पुढे जातो, मी मोबाइलवर मोजून बघितलंय. जागतिक आरोग्य संघटनेने ऐकण्याच्या उपकरणांसाठी जी मर्यादा सुचवली आहे ती आठवड्याला चाळीस तास धरून मोठ्यांना ८० आणि मुलांना ७५ डेसिबल अशी आहे. आवाज ३ डेसिबलने चढला की सुरक्षित वेळ निम्मा होतो. म्हणजे मुलांना ७८ ला वीस तास, ८१ ला दहा, ८४ ला पाच आणि ८७ ला अडीच तास. दोन तासांच्या एका दणदणीत प्रयोगात मुलाच्या कानाचा आठवड्याचा सगळा शिधा संपतो. म्हणून पहिल्या चार रांगा घेऊ नका, स्पीकरच्या समोरची कडेची खुर्ची तर फुकट मिळाली तरी घेऊ नका. मधल्या भागातली सहावी ते दहावी रांग उत्तम. तिथून चेहरे दिसतात, आवाज मिसळून येतो आणि मान वर करावी लागत नाही. धाकट्याच्या खाली घालायला घरून एखादी जाड घडीची चादर न्या, पुढच्या माणसाच्या डोक्यावरून दिसायला तेवढी उंची पुरते. आवाजाला बिचकणारं मूल असेल तर कानांवर बसणारे मऊ संरक्षक मिळतात, तेही पिशवीत असू द्या. लागले नाहीत तर उत्तमच.

झगझगणाऱ्या दिव्यांची चौकशी तिकीट काढतानाच करायची असते. घरात कुणाला फिट येत असेल तर सेकंदाला तीन ते तीसच्या दरम्यान उघडझाप करणारे दिवे धोक्याचे. अशा मुलाला नेण्याआधी आयोजकांना फोन करून ‘स्ट्रोब आहे का, कुठल्या प्रवेशात आहे’ असं स्पष्ट विचारा. दमेकरी मूल असेल तर धुराबद्दल विचारा. जमिनीलगत रेंगाळणारं पांढरं धुकं बहुतेक कोरड्या बर्फाचं असतं, ते खालीच बसतं. यंत्रातून फवारलेला धूर मात्र सगळीकडे पसरतो आणि खोकला काढतो.

आता सासूबाई. त्यांच्यासाठी मी सगळ्यात आनंदाने लिहितोय, कारण त्या ज्या कानाने येणार आहेत तो माझाच कान आहे. पण त्यांना आधी एक सांगून ठेवा, नाहीतर मध्यंतरात त्या म्हणतील, ‘गाणी आहेत, पण पद एकही नाही.’

आपण गोव्यात नाटकातलं गाणं दोन तऱ्हांनी ऐकत आलो. एक नाट्यपद. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात संगीत नाटक उभं केलं तेव्हापासूनची ही रीत आहे. कथा थांबते, नायिका एका भावावर उभी राहते आणि गायक तो भाव आलापाने, तानांनी फुलवतो. पद संपतं तेव्हा गोष्ट होती तिथेच असते, आपण मात्र ओलेचिंब झालेलो असतो. म्हणून तर वन्स मोअर घेता येतो. दुसरी रीत तियात्राची, म्हणजे कोंकणी नाटकाची. इटालियन ऑपेरा मंडळीत वावरलेल्या लुकासिन्य रिबेरो यांनी १८९२ च्या १७ एप्रिलला मुंबईत पहिलं तियात्र केलं. त्यात सहा-सात पडदे, म्हणजे प्रवेश, असतात आणि दोन पडद्यांच्या मधे कांतारां, म्हणजे गाणी, होतात. कांतार बहुधा गोष्टीच्या बाहेरचं, सरकारवर, समाजावर, महागाईवर बोलणारं. तिकडे पडद्यामागे नेपथ्य बदलतं आणि इकडे गायक लोकांशी थेट बोलतो.

तुम्ही जे बघायला चाललात ती तिसरी तऱ्हा आहे. इथे गाणं गोष्टीला पुढे ढकलतं. गाण्याच्या सुरुवातीला मूल घरी असतं, शेवटच्या ओळीला ते उंबऱ्याबाहेर पडलेलं असतं. त्यामुळे वन्स मोअर घेता येत नाही, बाहेर पडलेलं पात्र पुन्हा घरात कसं आणायचं? शिवाय ट्रॅकवरचं नाटक असेल तर दिवे, पडदा, नाच सगळं त्या सेकंदांना बांधलेलं असतं. आजींना वन्स मोअरची सवय आहे, त्यांनी मनात म्हणावं.

त्यांना ऐकायला सांगा ते हे. अशा नाटकात सुरुवातीच्या वीस मिनिटांत मुख्य पात्राचं एक गाणं येतं. त्यात ते पात्र आपल्याला काय हवंय ते सांगतं, घर हवंय, मित्र हवाय, कुणीतरी आपलं ऐकावं असं वाटतंय. त्याची चाल नीट कानात ठेवायची. ती चाल परत येते. कधी मंद, कधी नुसत्या बासरीवर, कधी खलनायकाच्या तोंडी वाकडी होऊन, आणि शेवटाकडे तेच पात्र तीच चाल वेगळ्या शब्दांत गातं. चाल तीच राहिली आणि शब्द बदलले, म्हणजे मूल बदललं. नाट्यसंगीताच्या कानाला हे पकडणं अवघड नाही. ज्यांना भीमपलासातून बागेश्रीत गेलेलं कळतं त्यांना ही चाल आठव्या सुरालाच ओळखू येईल. आजींनी आणि नातवाने मिळून हा खेळ खेळावा. चाल परत आली की आजीने त्याचा हात दाबायचा. मी चाली बांधताना दर वेळी मनात हीच जोडी धरतो, एक पिकला कान आणि एक कोवळा.

गाणारे स्वतः गाणार आहेत की ट्रॅकवर ओठ हलवणार आहेत, हे आयोजकांना जरूर विचारा. दोन्हींत तिकीट सारखंच असतं, पण फरक फार मोठा आहे. धापा टाकत आलेल्या मुलाचा आवाज धापेसकट ऐकला की लहान प्रेक्षक त्याच्याबरोबर श्वास घेतात. ट्रॅकवरच्या स्वच्छ आवाजाला श्वासच नसतो. जागा लहान, पैसे कमी, वादक मिळत नाहीत, या अडचणी मला ठाऊक आहेत, मी त्यांतूनच गेलोय. तरी मुलांसमोर निदान मुख्य पात्राने तरी खऱ्या आवाजात गावं असा माझा हट्ट आहे. तुमच्यासारख्या चार पालकांनी तिकीट काढताना विचारलं तर तो हट्ट आयोजकांपर्यंत पोचेल.

काम करणारे मोठे नट आहेत की शाळकरी मुलं, हेही बघून ठेवा. मुलांनी केलेलं नाटक आणि मुलांसाठी केलेलं नाटक यांत आपली गल्लत होते. सुधा करमरकरांनी अमेरिकेत बालरंगभूमीचा अभ्यास करून १९५९ साली मुंबईत लिटल थिएटर सुरू केलं, ते मुलांसमोर कसलेल्या नटांनी, पूर्ण नेपथ्य-प्रकाशासह नाटक करायला हवं या आग्रहाने. रत्नाकर मतकरींची बालनाट्य ही संस्था १९६२ ची. तुमच्या सासूबाईंनी लहानपणी त्यांतलं एखादं बघितलं असेल तर ते मुलांना वाटेत सांगू द्या.

वाटेवर आणखी एक सांगण्यासारखं आहे. फोंड्याहून बाणस्तारीकडे येताना मंगेशी लागतं. दीनानाथ मंगेशकर तिथे २९ डिसेंबर १९०० ला जन्मले, आणि तुम्ही ज्या सभागृहात बसणार आहात त्याला त्यांचंच नाव आहे. १९१८ साली त्यांनी बलवंत संगीत मंडळी काढली तेव्हा ते विशीचेही नव्हते. गाडी थांबवू नका, उशीर होईल. नुसतं बोट दाखवा. आपल्या रस्त्यावरच्या गावातला एक मुलगा गायला लागला आणि आता त्याच्या नावाच्या घरात आपण गाणं ऐकायला चाललोय, हे नऊ वर्षांच्या मुलीला पुरेसं आहे.

पणजीत अर्धा तास आधी पोचा. रविवारी संध्याकाळी कांपालकडे गाड्यांची रांग लागते आणि धावत येऊन बसलेल्या मुलाचं पहिलं गाणं फुकट जातं. तो अर्धा तास वाया जात नाही. चार्ल्स कोरियांनी कला अकादमीची ही वास्तू उभी केली तेव्हा सभागृहाच्या भिंतींवर मारियो मिरांडांनी सज्जांत बसलेले गोंयकार प्रेक्षक रंगवले होते. मी माझ्या पोरांना न्यायचो तेव्हा तिसऱ्या घंटेपर्यंत त्यांना ते मोजायला लावायचो. कोण गप्पा मारतंय, कोण पेंगतंय, कोण कुणाकडे बघतंय. दिवे मंदावले की चित्रातले प्रेक्षक अंधारात जायचे आणि आम्ही खरे प्रेक्षक उरायचो. अंधार होणं त्यांना त्यामुळे ओळखीचं वाटायचं.

मध्यंतरात आधी स्वच्छतागृह, मग बटाटावडा. उलट केलंत तर रांगेतच तिसरी घंटा ऐकू येईल. मध्यंतर दहा-पंधरा मिनिटांचं असतं. ‘कळलं का, काय कळलं सांग’ असं तेव्हा विचारू नका. मूल अजून गोष्टीच्या आत आहे. मोबाइल बंद ठेवा आणि चित्रण तर करूच नका. अंधारात उजळलेला एक पडदा मागच्या तीन रांगांचं लक्ष घालवतो, हे मला ऑर्गनवरून स्पष्ट दिसतं. फोटो हवाच असेल तर शेवटी सगळे नट वंदनाला उभे राहतात तेव्हा विचारून काढा.

परतीच्या वाटेवर ‘पुस्तक चांगलं की नाटक?’ हा प्रश्न तुमच्या तोंडातून येऊ देऊ नका, आजींच्याही नाही. मुलाला कुठल्या तरी एकाची बाजू घ्यावी लागते आणि मग ते दुसऱ्याशी भांडत बसतं. तिला तिच्या तीन खुणांबद्दल विचारा. ‘ते पान आलं का? आलं तर कसं आलं? बोलून, नाचून की गाऊन?’ एखादी खूण नाटकात मुळीच आली नसेल तर तिला राग येईल. येऊ द्या. ती जागा तिने नाटकात कशी आणली असती ते सांगायला लावा. बाणस्तारीच्या पुलापासून फोंड्यापर्यंत तेवढ्याला वेळ पुरेल. धाकटा बहुतेक झोपलेला असेल. सोमवारी आंघोळ करताना तो काय गुणगुणतो ते ऐका आणि आजींना सांगून ठेवा, चाल चुकली तरी दुरुस्त करायची नाही.